घरातला मुनाजरा

इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत. मुनाजऱ्यात त्यांचे नाव मोठे होते. १०९५ मध्ये त्यांनी ती मानाची जागा सोडली. ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये त्यांनी वादाच्या नादाने मनात शिरणारे दोष सांगितले आहेत : समोरच्याच्या चुका हुडकत राहणे, सत्य त्याच्या तोंडून आले तर ते कडू लागणे. इशारा आलिमांना होता. मला तो मुनाजरा आमच्या घरात दिसला.

माझे भाईजान साखर कारखान्यात हिशेबनीस आहेत. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नाही. पण भाभी म्हणाल्या, “माझी अम्मी दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही आला नाहीत,” की भाईजान तारखा सांगत. सोमवारी गळीत हंगाम सुरू झाला, बुधवारी पैसे पाठवले, शुक्रवारी फोन केला. एकही तारीख चुकीची नसे. भाभी गप्प होत, आणि भाईजानना वाटे, गैरसमज मिटला. पुढे पुढे भाभी फक्त भाजी आणि मुलांची फी एवढेच बोलू लागल्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी संसाराला घातक चार सवयी सांगितल्या आहेत : टीका, तुच्छता, बचाव आणि मौनाची भिंत. बचाव करणारा माणूस सभ्य दिसतो, म्हणून त्याला कुणी टोकत नाही. शिवाय हिशेबनिसाला ही सवय नोकरीच लावते. तपासणीत एक चूक कबूल केली की बाकीच्यांच्याही चुका त्याच्याच माथी येतात.

“जरा मनाने विचार करा,” असे भाईजानना सांगून उपयोग नव्हता. बी.एड.ला आम्हांला निदानात्मक चाचणी शिकवतात. मुलाची वजाबाकी चुकली तर नुसती फुली मारायची नाही, तो कुठल्या पायरीवर अडला ते शोधायचे. मी धीर करून त्यांना तेच सांगितले. भाभींचे म्हणणे खरे की खोटे हे तपासू नका, ते कुठून आले ते तपासा. आणि आपल्याकडे निघत असेल तेवढे, आणाभर का होईना, आपल्या नावावर लिहा. त्याहून जास्त नको. विषय संपवायला सगळाच दोष ओढवून घेणे हीसुद्धा एक पळवाटच. शोध घेण्याचे काम म्हटल्यावर त्यांना ते पटले.

मागच्या महिन्यात भाभींनी पुन्हा तो विषय काढला. भाईजाननी विचारले, “त्या रात्री तुझ्यासोबत कोण होतं?”

भाभी बराच वेळ बोलत होत्या. बोलण्याच्या ओघात त्यांनी एक वार चुकीचा सांगितला. भाईजाननी तो दुरुस्त केला नाही.