टाका किती दिवसांचा

सोयाबीन सोंगणीला आलं की रिसोड-मालेगावकडच्या माणसाला ‘टाके काढायला या’ असं सांगून उपयोग नसतो. ‘टाके काढाले कवा येऊ?’ असं विचारतो तो, पण शेत त्याला सोडत नाही. लेकराच्या तोंडातले टाके काढायचे म्हणजे तर पुन्हा भूल द्यायची वेळ येते. म्हणून तोंडाच्या आत मी विरघळणाराच धागा वापरतो. मात्र तो किती दिवस धरून ठेवतो, हे पाहूनच निवडतो.

नेहमीच्या पॉलिग्लॅक्टिन धाग्याची निम्मी ताकद तीन आठवड्यांनीही शिल्लक असते आणि तो पुरता विरघळायला दोनेक महिने जातात. ओठाच्या आतलं अस्तर तर आठवडाभरात सांधतं. मग उरलेले दिवस तो धागा नुसता टोचतो, त्यात अन्नाचे कण अडकतात, जीभ सारखी तिथेच जाते. त्याच धाग्याचा लवकर विरणारा प्रकार पाचव्या दिवशी निम्म्यावर येतो, दोन आठवड्यांत त्याचा जोर संपतो. नाजूक अस्तराला तोच हवा, चार-शून्य किंवा पाच-शून्य जाडीचा. खालचा स्नायू सतत ओढत असतो, त्याला मात्र नेहमीचा.

बैलाचं शिंग लागून ओठ आरपार फाटलेला असेल, तर आधी दाताचा तुकडा आत राहिलाय का ते बघतो. मग आतलं अस्तर शिवायचं, बाहेरून जखम पुन्हा धुवायची, नंतर स्नायू आणि शेवटी त्वचा. अस्तराला गोल अंगाची सुई, कारण धारेची सुई ते चिरत जाते. टाका आवळायचा नाही. दोन दिवस सूज वाढते आणि घट्ट टाका मांस कापून बाहेर येतो. लहानशी, कडा आपोआप जुळलेली जखम असेल तर मी टाकाच घालत नाही.

कॅटगट मी जवळजवळ सोडलं. शरीर ते पचवून टाकतं, त्यात दाह जास्त होतो आणि जंतुसंसर्ग झाला तर ते वेळेआधीच सुटतं. बाळंतिणीच्या टाक्यांनाही कृत्रिम धाग्याने सुरुवातीचे दिवस कमी दुखतं. शिवाय कॅटगट मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतं. अंतरिक्ष पार्श्वनाथांचं जैन तीर्थ असलेलं शिरपूर रिसोड-मालेगावच्याच जिल्ह्यात आहे. इथल्या जैन आजीने ‘धागा कशाचा?’ असं विचारलं तर तिला खरं उत्तर मिळालंच पाहिजे, आणि न विचारणाऱ्यालाही. हाताशी कॅटगटच असेल तर सुई उचलण्याआधी सांगतो. नकार आला तर दुसरा धागा येईपर्यंत जखमेवर गॉज दाबून धरायला लावतो. रक्त थांबलेलं असेल तर तोंडातली जखम काही तास थांबू शकते.