केडगांवची काकवी आणि मार्साला

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनें यवत मागें टाकलें कीं उसाच्या मळ्यांतून धुराच्या रेघा वर चढतांना दिसूं लागतात. केडगांव हें नांव बहुतेकांस पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें, नाहीं तर नारायण महाराजांच्या बेटामुळें ठाऊक असतें. आम्हांस मात्र या खेपेस ओढ होती ती गुऱ्हाळांची. काहिलींत रस उकळतो, भेंडीच्या चिकानें मळी वर येते, ती काढतात. आणि रस आटत आटत तांबूस होऊन गूळ होण्याच्या आधीं काकवी होते. सिसिली बेटाच्या पश्चिम टोकास मार्साला नांवाचें बंदर आहे. तेथें द्राक्षांचा रस असाच तासन् तास आटवितात आणि ती काकवी तेथल्या प्रसिद्ध मद्यांत मिसळतात.

हा विषय या पानांत कशाला, असें कोणी वडीलधारे विचारतील. परंतु आज घरोघरची मुलें परदेशांत आहेत. आमचा पुतण्या मिलानहून आला तो मार्सालाची बाटली घेऊनच. थोरल्या काकूंनीं विचारलें, ‘हें औषध कीं दारू?’ प्रश्न रास्त होता. कारण द्राक्षासव आमच्या फडताळांत नित्य असतें. पण त्यांत धायटीच्या फुलांच्या साहाय्यानें आंबतांना जो मद्यांश उत्पन्न होईल तेवढाच. मार्सालांत तयार द्राक्षमद्यावर आणखी अर्क वरून ओततात. शेंकडा 17–18 मद्यांश भरतो. तेव्हां दारूच, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. घ्यावी न घ्यावी हा ज्याच्या त्याच्या नेमाचा प्रश्न.

अर्क घालण्याचें कारण समुद्रप्रवास. 1773 सालीं जॉन वुडहाउस नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें येथलें मद्य विलायतेस पाठवितांना तें वाटेंत नासूं नये म्हणून ही युक्ति केली. पुढें 1800 सालीं नेल्सननें आपल्या आरमारासाठीं तें मागविलें. गॅरिबाल्डी आपले सहस्र वीर घेऊन 11 मे 1860 रोजीं उतरला तो याच बंदरांत. इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारी तेथें होत्या, बंदरांत इंग्रजी युद्धनौका उभ्या होत्या. त्यामुळें बूर्बोन राजाच्या नौका तोफा डागण्यास कचरल्या. मद्याच्या वखारींनीं स्वातंत्र्यास असा हातभार लावावा, हा दैवाचा विनोदच!

बाटलीवरचे शब्द मात्र वाचतां आले पाहिजेत. ‘आंब्रा’ म्हणजे पिंगट. काकवी घालण्यास मुभा आहे ती यांतच. ‘ओरो’ म्हणजे सोनेरी, तींत ती चालत नाहीं. ‘सेक्को’ ती बिनगोड, लिटरास 40 ग्रॅमपेक्षां कमी साखर. ‘दोल्चे’मध्यें 100 ग्रॅमच्या वर. ‘व्हेर्जिने’ सर्वांत खानदानी: काकवी नाहीं, वरची साखर नाहीं, लांकडी पिंपांत निदान पांच वर्षें मुरविलेली. स्वयंपाकघरांत वापरावयाच्या स्वस्त मार्सालेवरून हिची परीक्षा करणें म्हणजे रेशनच्या तांदुळावरून आंबेमोहोराची करण्यासारखें आहे.

जे घेतात त्यांनीं सेक्को गार करून जेवणापूर्वीं घ्यावी, दोल्चे जेवणानंतर बदामाच्या मिठाईबरोबर. पेला लहान, घोंट त्याहून लहान. आधीं नुसता वास घ्यावा. बेदाणा, सुकें जर्दाळू, बदाम, आणि आंब्रा असेल तर काहिलीच्या कडेचा तो किंचित् करपट गोडवा. एवढें काकूंनींही केलें. ‘केडगांवचीच काकवी,’ म्हणाल्या, आणि बूच घट्ट लावून बाटली पुतण्याच्या हातीं परत दिली. अर्कामुळें उघडलेली बाटलीही कित्येक आठवडे टिकते.