ओंजळभर माती

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाकडे अमेरिकेतील बॉइसीला जाण्याचा योग आला. तेथून मोटारीने तीनेक तासांवर, आयडाहो राज्यातच, ‘क्रेटर्स ऑफ द मून’ हा ज्वालामुखीचा प्रदेश आहे. १९२४ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९६९ मध्ये चांद्रमोहिमेचे अंतराळवीर येथे दगड ओळखायला शिकण्यासाठी आले होते.

येथे ज्वालामुखी म्हणजे एकच उंच डोंगर नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीपासून २ हजार वर्षांपूर्वीपर्यंत त्यांतून आठ टप्प्यांत लाव्हा वाहिला. कुठे तो दोरखंडाच्या पिळासारखा गोठला आहे, तर कुठे इतका खरबरीत की हात टेकवत नाही. वरचा थर गोठून आतला लाव्हा निघून गेला, तेथे बोगदे उरले.

काळ्या खडीच्या उतारावर मात्र बोटभर उंचीची पांढुरकी झुडपे दिसली, अंतर मोजून लावल्यासारखी!

“कोणी लावली रे ही?”

“कोणी नाही, दादा. पाणी कमी, म्हणून मुळे दूरवर पसरतात. जवळ दुसरे झाड तगत नाही.”

खडकावर दगडफूल धरलेले, फटींत वाऱ्याने आणलेली धूळ साचलेली. दोन हजार वर्षांत जमलेली माती म्हणजे एवढीच, ओंजळभर!

आपल्या पायाखालचा काळा पाषाणही याच जातीचा, बेसाल्ट. तो मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दख्खनच्या त्या लाव्हाची दक्षिणेकडील कड आपल्या बेळगावच्या आसपास येऊन थांबते. तोच पाषाण ऊनपावसात झिजत गेला आणि आपली काळी माती झाली.

आठवण म्हणून एक खडा उचलला, तर भाऊ म्हणाला, “येथून खडाही नेता येत नाही.” निमूटपणे जागेवर ठेवला.

जानेवारीत गावी गेलो, तर शाळेतल्या एका मित्राच्या शेतातून ट्रॅक्टर भरभरून माती वीटभट्टीकडे चालली होती. “फूटभरच काढतोय,” तो म्हणाला, “पोरीची फी भरायची आहे.” आयडाहोतली ओंजळ डोळ्यांपुढे आली. पण त्याला काय सांगणार? फीची तारीख जवळ आली होती, आणि माती व्हायला लागणारी वर्षे त्याच्या किंवा माझ्या हिशेबात बसणारी नव्हती.