लघुशंका

‘लघुशंका’ या शब्दातील ‘लघु’चा अर्थ शाळेत करंगळी वर करतानाच कळतो, ‘शंके’चा अर्थ कळण्यास मात्र साठी उलटावी लागते. शिंक आली की शंका, हसू अनावर झाले की शंका. सभागृहात शिरताना दृष्टी व्यासपीठाआधी स्वच्छतागृहाचा शोध घेते. दोन वर्षांत मी तीन परिसंवादांना नकार कळवला आणि कारण म्हणून गुडघ्यांकडे बोट दाखवले. गुडघेदुखी ही प्रतिष्ठित व्याधी आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याची वाट पाडली. त्या वाटेने वृद्ध स्त्रीचे शरीर आपल्या ललित गद्यात फारसे आले नाही. मायलेकींतही हा विषय निघत नाही.

कोरमंगल्यात मुलाकडे राहावयास आल्यावर एका कन्नडभाषक डॉक्टरीणबाईंनी ‘अम्मा’ म्हणत तो सहज काढला. पोटावरील मेदाचा भार मूत्राशयावर आणि त्याला खालून तोलून धरणाऱ्या स्नायूंवर पडतो. बाळंतपणांनी व वयाने ते स्नायू आधीच सैलावलेले असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३३८ स्थूल स्त्रिया होत्या. आहार व व्यायामाच्या गटाचे वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरले आणि गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले; केवळ माहिती मिळालेल्या गटात ही घट २८ टक्के होती. त्या स्त्रियांचे सरासरी वय मात्र ५३ होते, हे समीक्षकाच्या सवयीने नोंदवते.

उपवासाचा मार्ग मला सुचवू नये. साबुदाण्याच्या खिचडीने ‘एकादशी, दुप्पट खाशी’ एवढेच साधते. पाणी तोडणे तर घातकच. दाट झालेले मूत्र मूत्राशयाला अधिक डिवचते आणि बद्धकोष्ठाची भर पडते. दावणगिरी लोणी डोसा सोडणे जड गेले नाही. नाचणीचा उंडा, मुगाची उसळ, ताक यांवर निभावते. जड गेली ती सायंकाळची फिल्टर कॉफी. पितळी डबऱ्यातून उंच ओतताना दरवळणारा तो वास पूर्वी अर्धे लेखन पुढे नेत असे. कॉफीने मूत्राशयाची घाई वाढते, म्हणून आता सकाळचा एकच पेला. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम वाचता वाचताही होतात. कादंबरी कंटाळवाणी असेल तर अधिक होतात.

सात महिन्यांत ७८ किलोंचे ७२ झाले. शंका पुरती फिटलेली नाही, पण सुटे कपडे घेतल्याविना बाहेर पडता येते. धारवाडच्या व्याख्यानाचे निमंत्रण स्वीकारले आहे. गाडीतील आसन दाराजवळचे मागितले.