बर्फाखालचे कांदे

ज्या फुलास गंध नाही ते फूल कसले, असे मानणाऱ्या घरात मी वाढलो. त्यामुळे मिनेसोटात मुलीच्या अंगणात एशियाटिक लिलीचे बारा कांदे लावावयाचे ठरले, तेव्हा त्या बेतात माझे मन नव्हते. सौभाग्यवतींना तर निशिगंधच हवा होता. परंतु जेथे पारा उणे २५ अंशांपर्यंत उतरतो, तेथे निशिगंधाचा कांदा जमिनीत जगत नाही. दर हिवाळ्यापूर्वी तो उकरून घरात घ्यावा लागतो. लिलीला असले लाड लागत नाहीत.

तिचा कांदा मात्र पाहण्यासारखा! स्वयंपाकघरातल्या कांद्याचे कोरडे टरफल त्याला नसते; नुसते मांसल खवले एकमेकांस बिलगलेले. म्हणून तो फार दिवस उघडा ठेवून चालत नाही. ऑक्टोबरअखेर, जमीन गोठण्यापूर्वी, पाणी मुळीच साचणार नाही अशा जागी तो पाच-सहा इंच खोल पुरावयाचा. खोल एवढ्यासाठी की, कांद्याच्या वर देठालाही मुळे फुटतात. पुढे वसंतापर्यंत माणसाने करण्यासारखे काही उरत नाही, आणि मला तेच सर्वांत अवघड गेले.

काम थंडी करते. काही आठवडे गारठा भोगल्यावाचून हा कांदा धड फुलत नाही. पुण्यास कुंडीत तो पहिल्या वर्षी फुलतो, तो शीतगृहात हिवाळा काढून आलेला असतो म्हणून. दुसऱ्या वर्षी बहुधा नुसता पाला. ज्या बर्फाला सौभाग्यवती खिडकीतून रोज नावे ठेवीत, त्याच्याच आधाराने खाली हे चालले होते.

नावाचीही मौजच आहे. हिचे पूर्वज चीन, जपान, कोरिया, सैबेरियाचे. पण १९४०च्या दशकात गाजलेली 'एन्चांटमेंट' ही नारिंगी जात काढली ती अमेरिकेत, ओरेगनमध्ये, हॉलंडात जन्मलेल्या यान द ग्राफ यांनी. आणि आपल्या देवघरातला निशिगंध मूळचा मेक्सिकोचा! हे सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "असेना. आता तो आपलाच आहे." फूल किती वर्षांनी आपले होते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही, मुलीच्या नव्या नागरिकत्वाचा विषय त्याच आठवड्यात घरात निघाला होता.

एप्रिलअखेर मातीतून जाड कोंब डोकावले. फुले यावयाची जूनच्या शेवटास, आणि आमचे परतीचे तिकीट त्याच आठवड्याचे. सौभाग्यवतींनी सशांपासून राखण म्हणून भोवती जाळी ठोकून घेतली. फुले खुडून घरात आणू नका, मांजराने पराग चाटले तरी त्याच्या जिवावर बेतते, हे जावईबापूंना दोनदा बजावले. "आपल्या लिलींना पाणी बेताने घाला," असेही त्या म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी बॅगांचे पट्टे आवळू लागलो.