तिसरा प्राणी

दोन मेंदूंची तुलना करायची तर तीन मेंदू लागतात. नवख्या विद्यार्थ्याला हे पटवताना माझी दमछाक होते.

आमचं काम मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूंवर चालतं. फॉर्मॅलिनमध्ये राखलेला मेंदू धुवायचा, त्यातले हवेचे बुडबुडे काढायचे आणि एमआरआय यंत्रात तासन्‌तास ठेवायचा. मेंदूतलं पाणी तंतूंच्या आडवं जाण्यापेक्षा त्यांच्या लांबीनं सहज सरकतं; त्यावरून तंतूंच्या जुड्यांचा माग काढायचा. यंत्र तंतू दाखवत नाही, पाण्याची चाल दाखवतं. दोन जुड्या एकमेकींना छेदतात तिथे संगणक बेधडक भलताच रस्ता आखतो. म्हणून एखादी जुडी दिसली नाही, तर पहिला संशय यंत्रावर घ्यायचा, प्राण्यावर नंतर.

संशय फिटला तरी खरा प्रश्न उरतोच. माणसाच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझममध्ये सुमारे २० कोटी तंतू असतात. कांगारूला तो नाहीच. मग कांगारूनं तो गमावला, की आपण कमावला? दोघांकडे कितीही निरखून पाहा, उत्तर मिळत नाही. या दोघांच्याही आधी वेगळ्या झालेल्या प्लॅटिपसकडे पाहिलं की वाट दिसते: त्यालाही तो नाही; पक्ष्यांना नाही, सरड्यांनाही नाही. म्हणजे ही जोडणी अपरायुक्त सस्तनांच्या शाखेत नव्यानं आली. कांगारूचे अर्धगोल मात्र एकमेकांना पारखे नाहीत. त्यांचा व्यवहार मुख्यतः अँटीरियर कमिशर या जुन्या वाटेनं चालतो.

पोथ्यांचे पाठभेद ताडणारा संशोधक दोन पोथ्यांवर थांबत नाही, तो याचसाठी.

२००८ साली जेम्स रिलिंग आणि सहकाऱ्यांनी भाषेशी निगडित आर्क्युएट फॅसिक्युलस ही जुडी माणूस, चिंपांझी आणि मकाक माकडात तपासली. माणसात तिचा ठळक फाटा टेम्पोरल खंडात खालपर्यंत उतरतो. इतर दोघांत तो अगदी क्षीण, किंवा दिसतच नाही. चिंपांझी एकटाच असता, तर त्याच्यात घट झाली असंही म्हणता आलं असतं. मकाकची शाखा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. तोही चिंपांझीसारखाच निघाला, तेव्हा बदलाचं माप आपल्या पदरात पडलं.

पण चिंपांझी आपला पूर्वज नव्हे, चुलतभाऊ. आपण वेगळे झाल्यापासून त्याच्या शाखेनंही आपल्याइतकीच वर्षं काढली आहेत. माणसात नवं काय, हे आम्ही हौसेनं शोधतो. चिंपांझीत नवं काय, हे क्वचितच विचारतो. माणूस आणि मकाक यांच्यात जे सारखं, पण चिंपांझीत निराळं, ते शोधायला वेगळं यंत्र लागत नाही. तेच तीन मेंदू पुरतात.