बारा महिन्यांचं ताट

मनासारखं एकच जेवण मिळणार असेल, तर ताटात काय काय हवं? या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर मनातल्या मनात रचत आले आहे. शाळेत होते तेव्हा त्यात नुसतं गोड असायचं. पुण्याच्या वसतिगृहात राहायला लागल्यावर आईच्या हातची गरम भाकरी आणि तिखट भरीत एवढंच पुरे वाटायचं. लग्नानंतर सासरचे कोकणातले पदार्थ एकेक करून त्यात आले आणि तिथलेच झाले. आता नोकरीही संपली, यादी पक्की झाली. ती पक्की करताना लक्षात आलं, की माझं हे ताट कुठल्याही एका दिवशी वाढता येणार नाही. त्यातलं काही थंडीतलं आहे, काही मृगाचं, काही श्रावणातलं आणि काही ऐन वैशाखातलं.

तरी एकदा ते रीतीप्रमाणे वाढून बघते. आजीनं लहानपणी पंगतीत वाढायला शिकवलं ते असं : आधी मीठ. मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड-कुरडई. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मधे भात, त्यावर वरण आणि सगळ्यात शेवटी तूप.

मीठ मला शिरोड्याचं हवं. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं, त्यामुळे तिथली मिठागरं मी त्यांच्याबरोबर पाहिली. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तो याच शिरोड्याला. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हानं आटू द्यायचं आणि तळाशी धरलेले खडे ओढून ढीग लावायचे. पहिला जोराचा पाऊस आला की काम बंद. मीठ ही दुकानात बारा महिने मिळणारी वस्तू, पण तिलाही हंगाम असतो, हे मला त्या बांधावर उभं राहिल्यावर कळलं.

डाव्या बाजूची बाकीची मंडळी माझ्या माहेरची, खानदेशातल्या यावल तालुक्यातली. कैरीचं लोणचं, तिळाची चटणी आणि ज्वारीचे बिबडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या सगळ्या बायका आळीपाळीनं एकमेकींच्या गच्चीवर जमायच्या. ज्वारी भिजवून, दळून, लसूण, तीळ, जिरं घालून तिचं पीठ शिजवायचं आणि पहाटेच्या गारव्यात कापडावर थापायचं. दुपारपर्यंत वरची बाजू सुकायची. अर्धे ओले बिबडे पळवणं हा आम्हा मुलांचा हक्क होता आणि तो कुणी नाकारत नसे. उरलेले कडकडीत वाळून डब्यात जात आणि श्रावणात, पाहुणे आले की तळून बाहेर येत.

ताटाच्या या बाजूकडे मी आता वेगळ्या आदरानं बघते. कोशिंबीर सोडली, तर डावीकडे असतं ते बहुतेक साठवणीचं : चैत्रातली कैरी, वैशाखातलं ऊन, समुद्राचं आटलेलं पाणी. उजवीकडे असतं ते आज बाजारात जे आलं ते. आपल्या आज्या-पणज्यांनी ताटाची अशी मांडणी केली, की जेवणाऱ्यापुढे गेलेले महिनेही असावेत आणि चालू महिनाही असावा. बेगमी आणि ताजेपणा यांचा हा मेळ मला कुठल्याही पक्वान्नाहून मोठा वाटतो.

उजवीकडे पहिला मान भरताचा. त्याला खानदेशातलीच वांगी लागतात. मोठी, फिकट हिरवी, पांढरट रेघांची, गर भरपूर आणि बिया कमी. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे ती कीर्ती घरोघर आधीपासूनच होती. थंडी पडली की शेतात भरीत पार्टी ठरायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल सोलायची, लाकडी बडजीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर गर ठेचायचा, वरून तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. पऱ्हाटीचा जाळ झटकन भडकतो आणि झटकन विझतो. तेवढ्यात साल जळते आणि आतला गर स्वतःच्या पाण्यात शिजतो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली. वडील पार्टीला गावातल्या सगळ्यांना बोलवायचे. त्या ताटात मानपान नव्हता, ज्याला भूक लागली त्यानं बसायचं.

दुसरी ओल्या काजूची उसळ. ती सासूबाईंची. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिया अजून हिरव्या असताना त्या चिरून आतला गर काढायचा. सालीतला चीक हात पोळतो, कातडी सोलवटते, म्हणून सासूबाई हातांना तेल लावून बसत. गर गरम पाण्यात टाकून साल सोलायची, मग खोबऱ्याच्या वाटपात शिजवायचा. माझ्या पानात चार गर जास्त पडावेत म्हणून त्या स्वतःच्या वाटीत हात आखडता घेत, ते मला उशिरा दिसलं. हा पदार्थ मी आता स्वतः करते, तेव्हा मुलीच्या वाटीत जास्त वाढते.

तिसरी शेवळं. नोकरीमुळे मी ठाण्याला आले आणि मृगाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका रस्त्याच्या कडेला काय विकतात हे पाहायला थांबले. पहिल्या सरींबरोबर रानात उगवणारे जांभळट कोंब, जोडीला काकडांच्या आंबट फळांचा वाटा. ही रानभाजी थोडेच दिवस मिळते. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानं घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि काकडांच्या आंबटात भाजी नीट शिजवायची. हे मला पुस्तकानं सांगितलं नाही, विकणाऱ्या मावशींनी सांगितलं. "काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नको, पोरी," असं म्हणून त्यांनी आधी काकडं पिशवीत टाकली. रान ओळखणारी बाई भाजीबरोबर तिचा उतारही देते. एवढं शहाणपण वजनकाट्यावर मोजता येत नाही, पण भाजीच्या किमतीत ते धरलेलं असतं.

चौथं अळूचं फतफतं, पुणेरी पंगतीचं. हिरव्या देठाचं अळू, चणाडाळ, शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या, चिंच-गूळ. ते श्रावणात खावं आणि भाताबरोबर खावं.

भात आंबेमोहोराचाच. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीचं घर मुळशीला होतं. तिच्या आईनं चुलीवर भात ठेवला की ओसरीपर्यंत वास यायचा. ही जात उंच वाढते, पावसावाऱ्यात आडवी पडते, तयार व्हायला वेळ घेते आणि पीकही कमी देते. मावळातल्या वडगावच्या केंद्रातून आलेला इंद्रायणी जास्त पिकतो, म्हणून शेतकरी तिकडे वळले. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. घर चालवायचं तर पोती मोजावीच लागतात. म्हणूनच जो अजूनही आंबेमोहोर लावतो, त्याला त्या वासाची पुरती किंमत मिळाली पाहिजे, घासाघीस न करता. या भातावर साधं तुरीचं वरण, तूप आणि लिंबू. आजारातून उठल्यावर पहिला घास याचा, बाळाचं उष्टावण याच्याच मऊ शिजवलेल्या भाताचं आणि लग्नातली पहिली वाढही याचीच.

गोडाला आखाजीचे मांडे. अक्षय्यतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. चुलीवर पालथं खापर तापत असतं आणि आई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करत नेते, कोपरापर्यंत आला की एका झटक्यात खापरावर टाकते. सोबत रायवळ आंब्याचा पातळ रस. लग्न झाल्यावरच्या पहिल्या आखाजीला आईनं मला पाटावर बसवलं आणि स्वतः चुलीपुढून उठली नाही. शेवटचा मांडा उतरेपर्यंत ती जेवली नव्हती. आईच्या हाताची ती गती मी शिकले नाही, मात्र माझ्या भाचीनं शिकून घेतली आहे. आता लग्नकार्यात मांडे करायला तिला बोलावणी येतात.

शेवटी आमसुलाची सोलकढी. कोकमंही पाऊस येण्याआधी वाळवावी लागतात, म्हणजे ताट पुन्हा साठवणीपाशी येऊन संपतं.

असं हे माझं ताट. शीतगृहं आणि विमानं यांच्या जोरावर ते एका दिवशी जमवणारे लोक असतील. मला तसं नको आहे. जानेवारीतलं भरीत जूनमध्ये नुसतं पोट भरतं, आणि ज्याची वाट पाहिली नाही त्या आंब्याला आखाजीची गोडी येत नाही. शिवाय यातला प्रत्येक पदार्थ कुणाच्या तरी हाती आहे : मिठागरातले हात, चीक सोसणारे हात, रान ओळखणारे, आडवं पडणारं भात कापणारे. हे हात थांबले तर पैसे असूनही ताट रिकामं राहील.

म्हणून ज्याला आपलं आवडतं जेवण ठरवायचं असेल त्यानं पदार्थांच्या पुढे महिना लिहावा आणि करणाऱ्याचं नाव लिहावं. आणि येत्या जूनमध्ये रस्त्याच्या कडेला शेवळं घेऊन बसलेली बाई दिसली, तर थांबा. शेवळं आणि काकडं दोन्ही घ्या, ती सांगेल ती किंमत द्या, आणि भाजी कशी करायची ते तिलाच विचारा.